पांढरा थर

गावाचं नाव सजा. शारजाच्या पाठीमागे, वाळूत.
फोनवर सांगितलं तेव्हा मामांना वाटलं, तलाठी झालो.
गाळा नंबर एकोणीस.
पत्र्याबाहेर शेहेचाळीस अंश,
भट्टीत पाचशे वीस.
आतले बरे, परकार म्हणतात,
ते निदान हलत नाहीत.

सोळा शाफ्ट उभे टांगलेत,
कुठल्याशा तेलविहिरीच्या पंपांचे.
झाकण आवळलं, सील चाचपलं, अमोनिया सोडला.
कुठूनतरी थोडा सुटतोच. डोळ्यांत चिमटा.
खेडच्या आमच्या गोठ्याचा वास, परकार म्हणतात,
फक्त म्हैस नाही.

वायू तापल्या लोखंडाला टेकतो
आणि तिथेच फुटतो.
हायड्रोजन निघून जातो.
नायट्रोजन सुटा सुटा आत शिरत राहतो,
साठ तासांत जेमतेम अर्धा मिलिमीटर.
त्याखालच्या लोखंडाला पत्ताही लागत नाही.

दर दोन तासांनी काचेची नळी वायूने भरायची,
वरून पाणी सोडायचं.
न फुटलेला अमोनिया पाणी गिळून टाकतं,
फुटलेला उरतो.
पाणी जिथे थांबेल तो आकडा वहीत.
पंचवीस टक्के. लिही.
सव्वीस. लिही.
रात्रपाळीचं आमचं बोलणं
बहुतेक एवढंच.

मार्चमध्ये घाई झाली होती.
गिऱ्हाइकाचा पिकअप दारात उभा,
मालक म्हणाला, गॅस वाढवा.
वाढवला.
वायूला फुटायला उसंत नाही,
आकडा बारावर आला,
आणि पृष्ठभागावर नायट्रोजनची नुसती खोगीरभरती.
शाफ्ट निघाले मात्र देखणे,
एकसारखे राखाडी. मालकाने फोटो काढला.

लॅबमधल्या लिसीने नमुन्याचा तुकडा कापला,
घासून आरसा केला, आम्लात बुडवला.
सगळं काळवंडलं.
कडेचा थर तेवढा पांढरा राहिला,
मला काय विचारता, अशा चेहऱ्याने.
भिंगाखाली त्याचा वरचा भाग जाळीदार,
आंबोळीसारखा.
जाड आहे, ती म्हणाली. तोवर पिकअप गेला होता.

महिन्याभरात शाफ्ट परत आले.
कडांचे टवके उडालेले.
परकारांनी एक टवका नखावर घेतला,
उजेडात धरला,
आणि काही बोलले नाहीत.
ते बोलले असते तर बरं झालं असतं.

तेव्हापासून दोन टप्पे, कुणी कितीही हॉर्न वाजवो.
आधी दहा तास पंचवीस टक्क्यांवर.
मग आच थोडी चढवायची,
वायूला मनसोक्त फुटू द्यायचं, ऐंशीपर्यंत.
वर काही साचत नाही मग,
आलेलं आत उतरतं.

हे सांगितलं की घरचे लगेच विचारतात,
म्हणजे माणसासारखंच की नाही?
नाही.
माणूस पाचशे विसावर ठेवला
तर राख होते.

आता नवा पोरगा आलाय, मोईनुल, नोआखालीचा.
धुऊन पुसून ठेवलेला शाफ्ट
त्याने उघड्या हाताने सरळ केला. मायेनेच.
साठ तासांनंतर, एका जागी,
मोजणीचं हिऱ्याचं टोक भसकन रुतलं.
बाजूला नऊशे, इथे साडेतीनशे.
रंगही जरा वेगळा, अंगठ्याएवढा.
तेलकट बोट टेकलं होतं
तेवढ्या जागेवर वायूला लोखंड भेटलंच नाही.

पगार कापणार का, त्याने मला विचारलं,
परकारांना नाही.
परकारांनी त्या जागेभोवती खडूने गोल काढला,
मालकाला कागदावर एक शाफ्ट कमी दाखवला,
कसा ते मी विचारलं नाही.

दुपारी वाळूचा वारा सुटतो, गाळ्याचं दार आपटतं.
त्याला आता तो शाफ्ट आडवा लावतात.
रोज सकाळी मोईनुल लावतो,
खडूचा गोल वर येईल असा,
हातमोजे घालून.