हात टेकायचे नाहीत

सुऱ्या-कात्र्यांचं गाव म्हणून नाव आहे शेफील्डचं,
आणि मला कापलं ते डब्याच्या पत्र्यानं.
फणसाच्या गऱ्यांचा डबा. मंगळवार होता, सण नव्हता,
उगाच गोड खावंसं वाटलं.
डाव्या तळव्यावर, अंगठ्याखाली,
ज्योतिषी ज्याला शुक्राचा उंचवटा म्हणतात,
तिथे पाच टाके.

नर्स डनीज. धागा ओढता ओढता विचारते,
व्यायाम करतेस?
म्हटलं, जोर-बैठका.
खुर्चीतून अर्धी उठून तिला हवेतच दाखवायला गेले,
तिने खांदा धरून बसवलं.
हे दहा-बारा दिवस विसर. पकड नको, भार नको,
पोहणं तर नकोच, आणि घामानं पट्टी भिजली तर बदल.
लाल झालं, गरम लागलं, पू दिसला, तर ये.
ठणकलं तर हात काळजाच्या वर धर.
पाय शाबूत आहेत ना? मग चाल.
आणि दारापाशी, इंग्रजीत, अगदी सहज:
त्या हातावर टेकू नकोस.
बस येईपर्यंत मी ते मराठीत घोळवत होते.
हात टेकायचे नाहीत.

रात्री फोनवर अण्णा, इचलकरंजीहून,
एक्क्याऐंशी वर्षांचे, मला तालमीच्या मागच्या दारानं
आखाडा दाखवलेला माणूस:
जोर बंद. बैठका कुणी अडवल्यात?

तर स्वयंपाकघरात, फ्रिज आणि सिंकच्या मध्ये,
डावा हात छातीशी, शपथ घेतल्यासारखा,
आणि बैठका.
सव्विसावीला नाडी अंगठ्यात उतरली,
टाक्यांच्या आतून कुणी दार वाजवू लागलं.
थांबले. एवढी अक्कल चाळिशीनंतर येते.

पण पुरती नाही.
चौथ्या दिवशी वाटलं, उजवा तर मोकळा आहे,
आणि डंबेल उचलला.
उजव्यानं उचललं की डावाही मूठ वळतो.
हे मला माहीत नव्हतं.
इतकी वर्षं दोघांना वेगळं समजत होते.
पट्टीवर ठिपका, मसुरीच्या दाण्याएवढा.
संध्याकाळपर्यंत तो वाळला, पुढे काही झालं नाही,
तरी डंबेल मी जिन्याखाली ठेवला,
तोंड भिंतीकडे करून.

मग चालणंच.
वॉकलीचा चढ असा, की घरं एकमेकांच्या खांद्यावर उभी.
अर्ध्यावर तळवा ठणकायचा, मी हात वर धरायची.
कोपऱ्यावरच्या घरात, खिडकीशी, एक म्हातारा.
पहिल्या दिवशी त्यानं मागे पाहिलं, आणखी कुणी आहे का.
दुसऱ्या दिवशी हात केला.
पुढे पुढे चहाचा कप खाली ठेवून करायचा.
समजावून काय सांगणार? काचेपलीकडे,
की हा नमस्कार नव्हे, सूज आहे?
पाटीवर नाव वाचलं: ब्रॅमॉल.

अकराव्या दिवशी डनीजनं टाके काढले.
ट्रेमध्ये पाच काळे तुकडे, मुंगीच्या पायांसारखे.
कातडी नवी आहे, म्हणाली, वरून मिटलंय,
आतलं अजून कच्चं. वजन आणखी काही आठवडे नाही.
आधी बोटं उघडमीट कर. हळू.
गुलाबी रेघ. नशिबात नव्हती, ती डब्यानं काढली.

त्या दिवशी चढ हात खाली ठेवून चढले.
मूठ उघड, मूठ मीट.
कोपऱ्यावर ब्रॅमॉलचा हात आधीच अर्धा वर,
आणि माझा कुठे दिसेना म्हणून तिथेच अडलेला.
मी डावाच वर केला.
ठणकत नव्हता.

रात्री अण्णांना सांगितलं,
जोर इतक्यात नाहीत.
ते म्हणाले, असू दे. बैठका किती झाल्या?
मी आकडा जरा फुगवून सांगितला.