डॉगवुडची थंडी

एप्रिल सरत आला, की टेनेसीच्या या डोंगरकुशीत
थंडी एकदा मागे फिरते, काही विसरून गेल्यासारखी.
"डॉगवुडची थंडी," डेल्फिया म्हणते,
"हिच्याआधी मका पेरू नये."

होबार्ट गवत कापायचा तेव्हा
यंत्र बुंध्याला घासायचं.
दरवर्षी. दरवर्षी चुकून.
सोललेल्या सालीतून पोखरकिडा आत शिरला.
तिनं चाकूनं कुजकं खरवडलं, ओल्या लाकडापर्यंत,
वर काही लिंपलं नाही.
भोवतीचं गवतच उपटलं,
पाइनच्या साली पसरल्या, बुंध्यापासून वीतभर लांब,
आणि त्याच्याशी आठवडाभर बोलली नाही.

आता गवत शेजारचा पोरगा कापतो.
फार जपून कापतो.

जखमेच्या कडा आत वळत आल्यात.
फांद्याफांद्यांवर पांढरं आलंय;
पाहुण्यांना ती फूल म्हणू देत नाही:
"ती पानंच. फूल ते मधलं,
हिरवट, मोहरीच्या दाण्याएवढं."

रात्री पारा उतरतो.
जुन्या सवयीनं ती होबार्टचा कोट घेऊन बाहेर येते
रोपावर घालायला.
झाड केव्हाच पागोळीला टेकलंय.

जरा वेळ तशीच उभी राहते.
मग कोट स्वतःच घालते.
खिशात सुतळी सापडते, आणि एक खिळा.