हायस्कुलातल्या स्वयंपाकीणबाईस

बाई, तुमचं नाव मला ठाऊक नाही.
जूनपासून यज्ञेश तुमच्याकडे येईल, पाचवीला.
आमची निवतीची शाळा चौथीपर्यंतच.
दाखला गेलाय, प्रमाणपत्राची झेरॉक्स गेलीय,
पण त्यात भाताचं काही लिहिलेलं नसतं,
म्हणून हे. अक्षर माझ्या सुनेचं.

भात वेगळा वाढा, आमटी वेगळ्या वाटीत.
एकमेकांना लागले की तो ताट उलटं करतो
आणि सगळे म्हणतात, माजलाय.
अनवाणी पायाला कालवाची कड लागली
की तुम्हीसुद्धा ओरडाल.
त्याला ती कड जिभेवर लागते.

पहिली दोन वर्षं मीही तेच म्हणत होते.
थाळीवर पळी बडवून जेवणाची वर्दी द्यायची,
ही माझी सवय.
पोरं धावत यायची, आणि हा कान दाबून
जांभ्याच्या भिंतीला कपाळ लावायचा.
मला वाटे, माझ्या हातचं नको याला.
रागही यायचा. खोटं कशाला बोलू.

मग नेरूरकर सर आले, फिरते शिक्षक,
बारा शाळांना मिळून एक माणूस,
पंधरवड्यातून एक गुरुवार.
हेडमास्तरांशी बोलून झाल्यावर
माझ्या शेगडीपाशी येऊन पाटावर बसले:
"मावशी, तो काय खातो? कुठे बसून खातो?"
सतरा वर्षांत शाळेनं मला पहिल्यांदा काही विचारलं.
मी बोलत सुटले. डाळ लागली त्या दिवशी.

आता थाळी वाजत नाही.
भात उतरला की टाकीवरच्या काठीला
लाल फडका चढवते, बंदरावर बावटा लावतात तसा.
पोरं ओरडतात, तीन नंबर लागलो, चला!
पण फडका आधी दिसतो तो त्यालाच.

सरांचं हेल्मेट त्यानं एकदा डोक्यात घातलं
आणि स्नेहसंमेलनाचा कर्णा चालू असताना
दोन तास शांत बसला.
काढेना. सर तसेच गेले,
कुडाळच्या नाक्यावर पोलिसानं पावती फाडली.
पुढच्या गुरुवारी दोन हेल्मेट घेऊन आले.
त्यातलं एक अजून आमच्या तांदळाच्या पिंपावर असतं.
ते शाळेचं नाही, सरांचं आहे, म्हणून पाठवता येत नाही.
बघा तुमच्याकडे कुणाचं जुनं असलं तर.

त्याची आई सुलभा, परुळ्याच्या बाजारात बांगडे विकते.
बाप गोव्याच्या ट्रॉलरवर.
ओरोसला चार खेपा घातल्या तिनं,
चार दिवसांची मासळी हुकली.
डॉक्टरांनी विचारलं, बोलतो का?
ती म्हणाली, भरती किती वाजता लागणार ते सांगतो.
फॉर्मात त्याला रकाना नव्हता.
रवळनाथाला कौलही लावून झाला,
कळी उजवी पडली, डावी पडली,
पोरगा तोच राहिला.
मला एकदा म्हणाली,
"काकी, तो माका आये म्हणणा नाय,
पण मियां टोपली बदललंय तर रडता."
आणि हसली. मी पण हसले.
मग दोघी बराच वेळ तांदूळ निवडत बसलो,
तांदूळ निवडलेलेच होते.

ती तुमच्या दाराशी येईल, दुपारी, टोपली रिकामी करून.
सल्ला देऊ नका, सल्ले तिला वाटेत पुष्कळ मिळतात.
बसा म्हणा. पाणी द्या.
आज त्यानं किती भात खाल्ला, तेवढं सांगा.

तुमच्याकडे तीनशे पोरं, विजेची घंटा, असं ऐकते.
घंटा तुमच्या हातात नसेल.
माझ्याही हातात शाळा नव्हती, पळी होती.

अंडं देऊ नका, वास सोसत नाही.
केळं चालतं, पण सोलून नको, तो स्वतः सोलतो,
वेळ लागतो, थांबा.

लाल फडका सोबत बांधलाय.
स्वच्छ धुतलेला आहे.
हळदीचा डाग आहे एका कोपऱ्याला, तो जात नाही.