हलकं काम

मुजावर मॅडमनी पहिल्या दिवशी
कुठं दुखतंय हे विचारलंच नाही.
काम काय करता?
कंडक्टर, मी म्हटलं.
म्हटलं म्हणजे तोंडाच्या चालत्या बाजूनं
‘कंडत’ असं काहीतरी निघालं.
त्यांनी वहीत लिहिलं:
उजवा हात. उभं राहणं. सुट्टे पैसे. आवाज.
मग पेन टेकवून, जरा थांबून: गर्दी.

तोवर पाच आठवडे मी खाट अकरा होते.
बीपी, साखर, लघवी झाली का.

बोलायला शिकवणारी पोरगी फळांची चित्रं घेऊन आली.
आंबा. केळं. सीताफळ.
मी भिंतीकडं मान फिरवली.
दुसऱ्या दिवशी तिच्या हातात थांब्यांची यादी,
स्वतः बसमध्ये बसून, क्रमानं लिहिलेली,
स्वारगेट ते कात्रज.
पंचमी जमलं. पद्मावती जमलं.
अरण्येश्वरला जीभ अडकली.
गाडीही तिथं अडकायचीच म्हणा,
आठ दिवस आम्ही दोघी त्या सिग्नलला उभ्या.
पुष्पमंगल म्हणताना थुंकी उडाली,
तिनं चष्मा पुसला, म्हणाली,
पुढचा थांबा?

एका दुपारी लहूमामा, आमचा वॉर्डबॉय,
कॅन्टीनमधून नाण्यांची थैली मागून आला.
मला हलत्या पाटावर उभं केलं.
मॅडमनी पायानं पाटाला धक्का दिला:
हा भापकर पंपाचा खड्डा.
हा बाईकवाला मध्ये आला.
सिस्टर पाथरकर ड्यूटी संपवून रांगेत,
एक बालाजीनगर,
आणि पुढं केली पाचशेची नोट.
डोकं फिरलं माझं.
सुट्टे द्या!
अख्खं, खणखणीत, ‘ट्ट’सकट.
टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.
सिस्टर म्हणाल्या, नाहीत हो,
आणि खरंच पर्स उचकू लागल्या.

घरी सोडताना मोठ्या डॉक्टरांनी लिहिलं,
हलके काम द्यावे.
डेपोतला क्लार्क, माणूस वाईट नाही,
टेबलाखाली वाकून बघितल्यासारखं करून म्हणाला,
ताई, हलकं काम इथं असतं
तर मीच नसतं का उचललं?

कागद घेऊन परत गेले.
मॅडमनी डॉक्टरांना बसवून दुसरा लिहून घेतला, पानभर.
सकाळची पाळी. जवळचा रूट.
बॅग डाव्या खांद्याला, मशीन डाव्या हातात.
दर दोन फेऱ्यांनंतर वीस मिनिटं बसू द्यावे.
आणि शुक्रवारी, स्वतःची रजा टाकून,
डेपो मॅनेजरसमोर जाऊन बसल्या.
मी बाहेर बाकावर.
आत चहा गेला. बराच वेळ कप वाजला नाही.
मग त्यांचा आवाज:
साहेब, पाट मी हलवलाय.
पडत नाहीत त्या.

सहाव्या महिन्यात पहिली फेरी,
पावणेसात, गाडी अर्धी रिकामी.
उजवा हात दांडीशी अजून उशिरा पोचतो.
हिशेबात अकरा रुपये कमी आले, भरले.
रात्री बोटं लाकडाची होतात,
भाकरी नवराच थापतो, नकाशासारखी.
बऱ्या झालात ना, असं कुणी विचारलं
की काय सांगावं कळत नाही.

पण अरण्येश्वर आला
की मी गरजेपेक्षा मोठ्यानं ओरडते.
उतरणारं कुणी नसलं तरी.