तिसरी ओळ, डावीकडून पाचवं

होबार्टच्या बस डेपोचं छप्पर
चाळीस वर्षं एकच काम करत आलं: पाऊस अडवणं.
तेही मन लावून नाही.
तेलाच्या पिंपांपाशी एक बादली कायमची.

मी मेरिन डाउलिंग, सोसायटीची चिटणीस.
माझ्याकडे सभासदांची वही असते
आणि वकिलांच्या पत्रांची एक जाड फाइल.
छप्पर कंपनीचं, मग त्यावरचं ऊन कोणाचं?
भाडेकराराची अडीच पानं यातच गेली.
शेवटी ठरलं ते कुठल्याही मांजराला माहीत होतं.

एका शेअरचे शंभर डॉलर.
बेकरीवाल्या स्टाव्रूलाने वीस घेतले,
फॉर्मवर पिठाची बोटं उमटवून गेली.
सहावीच्या मुलांनी केक विकून एक घेतला.
कुणीतरी पाकिटात सव्वाअकरा डॉलर घातले, नाव नाही, पत्ता नाही.
ते कुणाला परत करायचे
हा विषय दर बैठकीत असतो.

मग रात्रपाळीचे चौघे आले.
खड्ग अधिकारी पुढे, हातात टोपी.
चौघांत मिळून एक शेअर हवा होता.
नियमात बसत नव्हतं, शेअरला नाव एकच.
ते बाहेर गेले, बोलले, आत आले.
"आईचं लिहा," खड्ग म्हणाला, "धनमाया."
बाकी तिघांनी अशा माना डोलावल्या
की ती चौघांची आई असावी.

सोमवारी ती स्वतः आली.
रबरी बूट, शाल, बंद छत्री.
एकच प्रश्न, तोही मुलाच्या तोंडून:
"माझं कुठलं?"

मी सांगू लागले, असं वेगळं नसतं हो,
सगळ्यांची मिळून वीज, सगळ्यांचे मिळून पॅनल,
मत मात्र प्रत्येकाला एक, शेअर कितीही असोत.
तिने सगळं ऐकून घेतलं.
मग म्हणाली, बेलडांगीच्या छावणीत
आम्हाला उन्हाची चूल मिळाली होती,
उलट्या छत्रीसारखी, चकचकीत,
दोन घरांत एक.
तरी भाताची कुठली वाफ माझी
ते मला कळायचं.

मी नियमावली मिटली.
वहीत तिच्या नावापुढे पेन्सिलने लिहिलं:
तिसरी ओळ, डावीकडून पाचवं.
पेन्सिलने, कारण हिशेबनीस पाहतो.

इकडे सूर्य उत्तरेकडून जातो,
म्हणून सगळे पॅनल उत्तरेकडे तोंड करून बसलेत.
तिचा देशही तिकडेच, पण हे ती बोललेली नाही,
मीच म्हणते आहे.

उद्घाटनाला ढग.
मीटरवर आकडा इतका लहान
की महापौरबाईंनी चष्मा पुसून पाहिला.
हिवाळ्यात तर तीन वाजताच डोंगर ऊन गिळतो.
पण बसेस दुपारी चार्जरला उभ्या राहतात
तेव्हा धनमाया म्हणते, बघा, गोठा भरला.

पहिला लाभांश: तीन डॉलर ऐंशी सेंट.
माणशी पंचाण्णव.
खड्गने तो चार पाकिटांत घालून
तीन पाकिटं तिघांना सहीनिशी दिली.

परवा मी टेकडीवरच्या स्टॉपला उतरले.
बाकावर ती बसली होती.
तिथून खाली डेपो अख्खा दिसतो,
एकेक पॅनल नखाएवढं.
गुरुवारी येते म्हणाली, खड्गची बस घेऊन.
बोटाने दाखवलं. मी मोजलं. बरोबर होतं.
तेवढ्यात त्यावर एक सीगल येऊन बसला.
ती उठली, छत्री उगारली,
"हट्!" ओरडली,
मधे एक किलोमीटर हवा.

सीगल हलला नाही.
मग मीही ओरडले.