गैरहजेरीचे अर्ज

टेंभुर्णे सरांचे कागद आले ते संत्र्यांच्या पेट्यांतून.
सात पेट्या. फळ्यांना अजून सालीचा वास,
एकीवर कुणीतरी खडूनं लिहिलेलं: काटोल, नग दीडशे.
ग्रंथपाल म्हणाले, यादी करा, मे अखेरपर्यंत.
बाहेर सेहेचाळीस. कूलरमधला वाळा जुना झालाय,
वास देतो, गारवा देत नाही.

पहिल्या पेटीत वेतननिश्चिती.
एका वेतनवाढीसाठी अकरा वर्षांचा पत्रव्यवहार,
'मागील पत्राचे अनुषंगाने' चौतीस वेळा.
काळ खरा आहे का, यावर ज्यांनी
वर्गात तीन आठवडे घालवले
त्यांनी शेवटच्या पत्रावर तारीखच टाकलेली नाही.

मग भावाची पत्रं, तुमसरहून.
सायकलच्या दुकानाचं, गळक्या पत्र्यांचं,
वहिनीच्या डोळ्यातल्या मोतीबिंदूचं.
उत्तरांचे खर्डे आहेत, एकेका पत्राला चार-चार.
'प्रिय दादा' खोडून 'दादा',
तेही खोडून नुसतं 'नमस्कार'.
पक्कं पत्र टपालात पडलं की नाही
हे पेटीवरून ठरत नाही.
मी रकान्यात लिहिलं: खर्डे, सतरा.

पुस्तक पाचव्या पेटीत होतं. अभावावरचं.
तीस वर्षं लिहीत होते. अंबाझरीला फिरायला गेले
तरी खिशात चिठ्ठ्या असायच्या म्हणे.
जमिनीवर घडा नाही, हे जुनं उदाहरण त्यांना नको होतं.
घडा आता असतो कुणाकडे?
त्यांनी लिहिलं: टेबलावर चष्मा नाही.
मग ते खोडून: खुर्चीत ती नाही.
मग तेही खोडलं, इतकं की कागद फाटलाय,
आणि समासात, बारीक अक्षरात:
चष्माच बरा.

प्रकरणं चार ठरलेली.
वस्तू होण्याआधीचं तिचं नसणं,
मोडल्यानंतरचं नसणं,
एकीचं दुसरी नसणं,
आणि कधीच, कुठेच नसणं.
तीन आहेत. चौथ्याची फाइल आहे,
नाडी नीट बांधलेली, आत काही नाही.
शिपाई बोरकुटे म्हणाला, रिकामी काऊन लिहून राह्यल्या मॅडम,
फेकून द्या न.
मी लिहिली. पाने: शून्य.

सातव्या पेटीत ते निघाले.
आम्हा पोरांचे रजेचे अर्ज, गठ्ठ्यानं,
पाठकोऱ्या बाजूवर त्यांची टिपणं.
'काल मारबतीच्या मिरवणुकीत गेलो होतो, क्षमा असावी.'
'मोरभवनहून बस सुटलीच नाही.'
'सर, मन लागत नव्हतं.' याच्याखाली लाल शाई: मंजूर.
आणि चौऱ्याण्णवचा माझा.
ळ बघूनच ओळखला.
'वडिलांना मेडिकलला भरती केल्यामुळे.'

बाबा त्या दिवशी ओसरीवर रमी खेळत होते
आणि मी गोकुळपेठेत, मैत्रिणीच्या मेंदीला.
कोपऱ्यात सरांनी लिहिलंय: धूर दिसतो. विस्तव दाखवावा.
मला मात्र कधी विचारलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात विस्तव दिसला.
मेडिकलचाच वॉर्ड, खिडकीजवळची खाट,
खाटेखाली आईचा डबा आणि माझ्या चपला.
त्या वेळी अर्ज द्यायचं सुचलं नाही.
कुणाला न सांगता नऊ दिवस गेले नाही,
दहाव्या दिवशी गेले
तेव्हा सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

त्या वर्षाचा हजेरीपट पेटीच्या तळाशी आहे,
टाचण्यांचा गंज लागलेला.
माझ्या नावापुढे, एप्रिलच्या त्या ओळीत,
उ, उ, उ,
नऊ वेळा, एकाच शाईत,
एका बैठकीत भरल्यासारखे.

नसण्यावर तीस वर्षं खर्च केलेल्या माणसाची
ही उघड चूक
वैयक्तिक कागदांत घालायची की व्यावसायिक,
ग्रंथपालांना विचारायला हवं.
ते जेवायला गेलेत.
बोरकुटे बादलीनं कूलरमध्ये पाणी ओततोय,
वाळा थोडा वेळ नवा असल्यासारखा वागतो.