सुया मोजणारी

माझं काम सुया मोजण्याचं.
किती गेल्या, किती आल्या.
बाकी सगळं मियाओ वैद्यांचं:
जीभ पाहणं, मनगटावर तीन बोटं ठेवून
भिंतीकडे बघत राहणं,
जणू पलीकडच्या खोलीत कुणी बोलतंय
आणि शब्द नीट लागत नाहीयेत.

चिंगदेचेनमध्ये खांदे लवकर जातात.
आमच्याकडे येतात ते
कच्च्या भांड्यांच्या फळ्या खांद्यावर पेलून
गल्ल्यांतून न डुलता चालणारे,
चाकाकडे वाकता वाकता तसेच राहिलेले,
कंबरेत उन्हाळा आणि गुडघ्यात हिवाळा
घेऊन फिरणारे भट्टीवाले.

आणि युएलान मावशी.
एकोणतीस वर्षं वाडग्यांच्या तळाशी
एकच निळा मासा काढते,
दिवसाला दीडशे वेळा.
आता उजवा हात छातीच्या वर जात नाही.
केस शेजारीण विंचरते.
हे सांगताना ती खांद्यापेक्षा
शेजारणीवर जास्त चिडलेली असते.

“दुखणं अंगावर काढलंस,” वैद्य म्हणाले.
“मग काय तुमच्या अंगावर काढू?”

भिंतीवर माणसाचा नकाशा आहे.
नद्या, घाट, खिंडी,
एकेका ठिपक्याला नाव.
वैद्य तिकडे बघत नाहीत.
अंगठा दाबत दाबत जातात.
इथे? नाही.
इथे? नाही.
इथे?
“आऽ, हेच!”

त्या जागेचं नावच ते आहे. आ-हेच.
थट्टा नाही, जुन्या पोथीत तसंच लिहिलंय.
नकाशात ती दाखवता येत नाही,
ज्याची त्याची निराळी,
आणि ओरडल्याशिवाय सापडत नाही.

बारा सुया.
नागदवण्याची कांडी हळू जळत होती,
बाहेरच्या चुलीवर जेष्ठमध, संत्र्याची वाळकी सालं,
रातकिड्यांच्या रित्या काती.
मावशी तोंड उघडं टाकून झोपली.
तासाभरानं उठली, पैसे कमी दिले,
काढ्याची पुडी मात्र मोठी मागून घेतली
आणि गेली.

ताटलीत अकरा.

मी लोहचुंबक फिरवला,
चादर झटकली, खाटेखाली शिरले.
वैद्य चष्मा पुसत म्हणाले,
“एक डोक्यात होती. कानाच्या वर.”

मी चपला न घालताच पळाले.
पुलाच्या तोंडाशी ती रताळी निवडत होती,
प्रत्येक रताळ्याला नावं ठेवत.
“मावशी! सुई! डोक्यात!”

तिनं हात वर नेला.
उजवा.
कानापर्यंत.

रताळेवाल्याला काहीच कळलं नाही.
आम्ही दोघी त्या हाताकडे बघत राहिलो,
दुसऱ्या कुणाचा तरी
चुकून आमच्याकडे आल्यासारखा.
“दुखतंय?” मी विचारलं.
“दुखतंय तर!” ती म्हणाली. पण तो खाली आणेना.
तिथेच ठेवून डाव्या हातानं रताळी मोजू लागली.

परत येऊन मी सगळं सांगितलं, दम लागलेला.
“नाचू नकोस,” वैद्य म्हणाले.
“परवा पुन्हा उतरेल.
भट्टीवाल्या गावचा गुडघा आठव,
चाळीस वेळा आला, आला तसाच गेला.”
मग कंबरेला हात लावत उठले,
खणातून पांढरी गोळी काढली,
कोमट पाण्याबरोबर गिळली
आणि मी पाहिलं हे पाहून
खण जरा जोरात लावला.

वहीत मी लिहिलं: बारा गेल्या, बारा आल्या.
खांद्याचा रकाना आमच्या वहीत नाही.

पुढच्या मंगळवारी मावशी आली.
पहिल्यापासून सुरू. धूर फार, काढा कडू,
खांदा जिथल्या तिथे.
वैद्य मान डोलवत ऐकत होते.
मी तिच्या मागे उभी होते, ताटली घेऊन,
म्हणून मलाच दिसलं:
भांग वाकडा,
अंबाडा एका बाजूला कललेला,
अर्धे केस पिनेतून सुटलेले.
इतकं वाईट
कुठलीच शेजारीण विंचरत नाही.